हात सुधारतो तशी मेंदूतली हालचाल कमी होते? हे चांगलं की वाईट?

वडगावचा_माग

नमस्कार मंडळी. पावसाळ्याच्या तोंडाला आमच्या आप्पांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू. एमआरआयच्या कागदावर डाव्या मेंदूत, आत खोलवर, 'इंटर्नल कॅप्सूल' असं काहीतरी लिहिलंय. बोलणं वाचलं. पाय बऱ्यापैकी आला, काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतात. हात मात्र मागे राहिलाय. मूठ वळते, पण उघडायला सांगितली की खांदा वर जातो, तोंड वाकडं होतं, डाव्या हाताची बोटं हलतात आणि उजवी मूठ आहे तशीच.

आमचे फिजिओ सांगतात की मेंदूची चांगली बाजू आता हे काम शिकते आहे. पुतणी इंजिनिअरिंगला आहे, तिने कुठेतरी वाचून भलतंच सांगितलं. म्हणे सुरुवातीला नुसती मूठ आवळायला मेंदूचा बराच भाग कामाला लागतो, आणि माणूस सुधारत जातो तशी ही हालचाल कमी होत जाते. कमी? मला वाटत होतं मेंदू जितका जास्त चालेल तितकं बरं.

भरीला एका सेंटरवाल्यांनी 'ब्रेन मॅपिंग' करून घ्या म्हणून सांगितलंय. हात येणार की नाही ते त्यात दिसतं म्हणतात. पैसे एवढे की दोन मागांची महिन्याची कमाई त्यात जाईल. करावं का? कुणाला अनुभव असला तर सांगा.

तिळकवाडीचा_टवाळ

मेंदू कमी वापरून हात जोरात चालतात, हे आमच्या हापिसात साहेब रोज सिद्ध करून दाखवतात.

थट्टा बाजूला ठेवतो. आप्पांना लवकर आराम पडो.

नाक्यावरचा_पाटील

मॅपिंग बिपिंग कशाला वो? पैसे जास्त झाल्यात काय? आमच्या भावकीत एकाला असंच झालेलं, त्याला घाटाखाली नेऊन कबुतराचं औषध केलं. महिन्यात चालायला लागला. तेल आणि शेक द्या, बाकी काय नको.

वॉर्ड_नंबर_सात

पाटीलकाका, राग मानू नका, पण मी नर्स आहे आणि कबुतराच्या रक्ताने मालिश करून आलेले लोक दर महिन्याला बघते. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आपल्याकडे चार तास अंगारा आणि तेलात जातात, मग गाडी ठरते, मग खानापूरकडून नाहीतर गोकाककडून बेळगावला यायचं. तुमच्या भावकीतला माणूस महिन्यात चालायला लागला तो कबुतराशिवायही लागला असता. पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांचं आपोआप थोडंफार सुधारतं. श्रेय ज्याच्या हातात तेलाची बाटली असते त्याला मिळतं.

नाक्यावरचा_पाटील

बरं बाई. कबुतर सुटलं म्हणायचं.

मेंदूचा_भुगा

मी मूळ खानापूर तालुक्यातला, सध्या बेंगळुरात मेंदूच्या एफएमआरआय प्रतिमांवर (मेंदूचा कुठला भाग कामाला लागलाय ते दाखवणाऱ्या) काम करतो. डॉक्टर नाही, रुग्ण तपासत नाही. पण मूळ प्रश्न माझ्या पोटापाण्याचा आहे म्हणून लांब लिहितो.

पुतणीने बरोबर वाचलंय. १९९१ मध्ये पेट स्कॅन (मेंदूत रक्तप्रवाह कुठे वाढतो ते दाखवणारं तंत्र) वापरून सहा रुग्णांचा अभ्यास झाला होता. सगळे पक्षाघातातून सावरलेले. चांगल्या हाताची बोटं हलवली की मेंदूची फक्त विरुद्ध बाजू जास्त काम करताना दिसे, आणि सावरलेल्या हाताची हलवली की दोन्ही बाजू. तेव्हा लोकांनी अर्थ काढला की चांगल्या बाजूने काम उचललं. तुमच्या फिजिओंचं वाक्य तिथून आलंय.

पण त्या सहा जणांचं एकदाच चित्र काढलं होतं. पुढे लंडनमध्ये निक वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी आठ रुग्णांना पुन्हा पुन्हा स्कॅनरमध्ये घातलं आणि हाताने एक दांडा आवळायला लावला. हा अभ्यास २००३ मध्ये छापून आला. त्यात दिसलं ते असं: सुरुवातीला साधी मूठ आवळताना मेंदूच्या दोन्ही बाजू, हालचालीची आखणी करणारे पुढचे भाग, लहान मेंदू, आतली केंद्रं, एवढंच काय बघण्याशी संबंधित भागसुद्धा कामाला लागलेले. जसजसा हात सुधारला तसतशी ही गर्दी ओसरली. सोबत चार निरोगी माणसंही वारंवार स्कॅन केली होती, त्यांच्यात असा बदल झाला नाही. म्हणजे मशीनची सवय झाली म्हणून आकडे उतरले, असं म्हणता येत नाही. आणि हो, त्या आठही जणांच्या मेंदूच्या पृष्ठभागावरचा, हात हलवणारा मुख्य भाग शाबूत होता.

लग्नघरात ऐनवेळी आचारी आला नाही की काय होतं? काका, मामा, शेजारी, फोटोग्राफरसुद्धा स्वयंपाकघरात शिरतो. आरडाओरडा प्रचंड आणि भात करपलेला. दोन-तीन दिवसांत एकदोघांचा हात बसतो आणि बाकीचे आपोआप बाहेर ओसरीवर येऊन बसतात. स्कॅनमध्ये दिसते ती ही गर्दी. आप्पांनी मूठ उघडताना खांदा, तोंड आणि डावा हात हलतो असं तुम्ही लिहिलंय ना, ती गर्दी तुम्हाला स्कॅनशिवाय दिसतेच आहे.

तिळकवाडीचा_टवाळ

फोटोग्राफर सगळ्यात आधी शिरतो. जेवायला.

वडगावचा_माग

भुगासाहेब, म्हणजे गर्दी कमी झाली की सुधारणा झाली असं समजायचं? मग मॅपिंगमध्ये तेच तर बघता येईल?

मेंदूचा_भुगा

इथेच गोम आहे. कमी म्हणजे चांगलं, असं सरळ समीकरण नाही. ज्याचा हात अजिबात हलत नाही त्याच्या मेंदूतली हालचालही पहिल्या काही दिवसांत कमीच दिसते. मग आठवडा-दोन आठवड्यांत ती वाढते, आणि नंतर सुधारणेबरोबर उतरते. एकाच दिवशी काढलेल्या चित्रात 'कमी' दिसलं तर तो माणूस चढाच्या आधी आहे की उताराच्या नंतर, हे चित्र सांगत नाही.

दुसरं म्हणजे कष्ट. लुळ्या हाताला जे काम डोंगराएवढं ते धडधाकट हाताला काहीच नाही. जास्त कष्ट म्हणजे जास्त मेंदू, हे निरोगी माणसातही होतं. म्हणून वॉर्ड यांनी प्रत्येकाच्या स्वतःच्या जास्तीत जास्त ताकदीच्या ठरावीक टक्क्यांवर मूठ आवळायला लावली होती. तुमचं सेंटर एवढं करणार आहे का, विचारून बघा. वयस्कर लोकांत तर पक्षाघात नसतानाही दोन्ही बाजू जास्त वापरल्या जातात.

तिसरं, ते लाल-पिवळे ठिपके म्हणजे मेंदूत लागलेले दिवे नव्हेत. रक्तातल्या प्राणवायूत होणाऱ्या बारीक फरकावर आकडेमोड करून रंग भरलेले असतात. पक्षाघातात रक्तवाहिन्यांचंच दुखणं असतं, त्यामुळे त्या आकड्यांवरही डोळे झाकून विसंबता येत नाही. आठ-दहा जणांच्या सरासरीत जे दिसतं ते एका आप्पांच्या बाबतीत छातीठोक सांगणं, हे मी माझ्या सरांसमोर केलं तर ते मला हाकलतील.

निपाणीकर

सगळं वाचलं. माझं मत वेगळं आहे. तुम्ही लोक स्कॅन, सरासरी, टक्के बोलता. माझ्या आईला आम्ही कोल्हापूरला नेलं होतं (निपाणीहून बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, आणि नातेवाईकही तिकडे). तिथे एकाने तोंडावर सांगितलं, सहा महिन्यांत जे येईल ते येईल, नंतर विसरा. आईने ते ऐकलं आणि त्या दिवसापासून व्यायाम सोडला. आज तिचा हात छातीशी आखडलेला आहे, नखं तळव्यात रुततात, कापायला दोघं लागतात. मला तुमच्या गर्दीच्या गोष्टीत काही गम्य नाही. डॉक्टरने एक वाक्य बोलायला नको होतं, एवढंच मला कळतं.

फिजिओंनी 'चांगली बाजू शिकते' म्हटलं तर त्यात काय वाईट? माणूस निदान हात हलवत तरी राहतो.

फिजिओ_अनगोळ

निपाणीकर दादा, वाचून वाईट वाटलं. तळव्यात रुतणाऱ्या नखांसाठी आजही करता येण्यासारखं आहे. बोट्युलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनने मूठ सैल करता येते, हात कामाचा झाला नाही तरी स्वच्छता आणि वेदना यात फरक पडतो. मनगटाचा स्प्लिंटही (आधाराची पट्टी) विचारा. तोवर तळव्यात मऊ सुती कापडाची गुंडाळी ठेवा आणि रोज मनगट आधी खाली वाकवून मग बोटं उघडा, ओढाताण न करता.

'चांगली बाजू शिकते' हे मीही सांगते, कबूल. वडगाव-शहापूरच्या आजोबांना मी कॉर्टिकोस्पायनल मार्ग (मेंदूतून मणक्यात उतरणारी, हालचालीचे हुकूम नेणारी मुख्य वाट) कसा समजावू? अर्धी तर ट्रीटमेंट हावेरीकडून आलेल्या माझ्या सहकारी पोरीच्या कानडीत चालते. ती 'कै एत्री, कै एत्री' (हात उचला) करते आणि आजोबा मराठीत 'एत्री म्हणजे किती' विचारतात. धीर द्यायला एक सोपं वाक्य हवं असतं.

वॉर्ड_नंबर_सात

ताई, धीर द्या, पण त्यापायी अर्धवट गोष्ट नको. 'चांगली बाजू शिकते' ऐकलं की घरचे काय करतात माहीत आहे? चांगल्या हातालाच कामं देतात! डाव्या हाताने जेव, डाव्या हाताने शर्ट घाल, मेंदू शिकेल म्हणून. उजवा मांडीवर पडून.

कडोलीची_सून

अगदी हेच आमच्या सासूबाईंचं. त्यांचा डावा हात गेलेला. हात थोडा हलायला लागला होता तरी त्या वापरायच्याच नाहीत. सगळं उजव्याने. आमचं रताळ्याचं घर, काढणीला अंगणात ढीग पडतो. एक दिवस मी त्यांना ढिगाशी बसवलं आणि उजव्या हातात जुना पायमोजा घालून मनगटाला दोरा बांधला. चिडल्या. 'मला काय चोर समजलीस काय गं' म्हणाल्या. पण समोर माती लागलेली रताळी आणि बसून राहायची सवय नाही! डाव्याने एकेक उचलून टोपलीत टाकायला लागल्या. आधी नुसतीच ढकलायच्या, मग दोन बोटांच्या चिमट्यात शेपटी धरायला लागल्या. पुढच्या सुगीपर्यंत डाव्या हाताने रताळं धरून उजव्या हाताने माती खरवडत होत्या. पूर्ण आला का? नाही. बटण लागत नाही. पण ताट धरतात.

मेंदूचा_भुगा

सूनबाई, तुम्ही पायमोजा घालून जे केलंत त्याच्यावर अमेरिकेत मोठी चाचणी झाली आहे. २००६ मध्ये तिचे निष्कर्ष आले, २२२ रुग्ण, पक्षाघाताला तीन ते नऊ महिने झालेले. दोन आठवडे, जागेपणीचा जवळजवळ सगळा वेळ चांगल्या हातावर मिटन (बोटं वापरता येऊ नयेत असा जाड हातमोजा), आणि दुबळ्या हाताकडून रोज तासन्‌तास कामं. नेहमीच्या उपचारांपेक्षा हात जास्त सुधारला आणि फायदा वर्षभरानंतरही टिकला. एडवर्ड टाउब यांची ही पद्धत. फक्त मनगट आणि बोटं थोडी तरी वर उचलता येत असतील तरच ती लागू पडते, पूर्ण लुळ्या हाताला मिटनने नुसता मनस्ताप.

आता 'चांगली बाजू' प्रकरण. हा आमच्या क्षेत्रातला जुना तंटा आहे, सीमाप्रश्नासारखा.

तिळकवाडीचा_टवाळ

म्हणजे आमच्या नातवंडांपर्यंत चालणार.

नाक्यावरचा_पाटील

सीमेचं निघालंच तर सांगा, त्या ८६५ गावांना महाराष्ट्राची आरोग्य योजना दिलेली तिचं काय झालं? आमच्या गावात कुणाकडे कार्ड आहे तर दवाखाना घेत नाही, दवाखाना घेतो तर कागद कानडीत पाहिजे म्हणतो.

संपादक_मंडळ

पाटीलकाका, त्यासाठी वेगळा धागा आहे आणि तिथे चारशे प्रतिसाद आहेत. इथे मेंदूवर राहू.

मेंदूचा_भुगा

तर तंटा असा. एक पक्ष म्हणतो, चांगली बाजू अडथळा आणते. निरोगी माणसात मेंदूच्या दोन बाजू एकमेकींना थोडं दाबून धरतात. एक बाजू दुबळी झाली की दुसरीचा दाब जास्त होतो, आणि हात हलवायच्या क्षणी हा दाब सुटायला हवा तो सुटत नाही. २००४ मध्ये काही रुग्णांत हे मोजून दाखवलं गेलं. दुसरा पक्ष म्हणतो, मदत करते. २००२ मध्ये ऑक्सफर्डमध्ये चुंबकीय झटका देऊन चांगल्या बाजूचा आखणी करणारा भाग क्षणभर विस्कळीत केला, तर रुग्णांचा दुबळा हात आणखी मंदावला. ज्यांचा हात जास्त दुबळा त्यांच्यात परिणाम जास्त. निरोगी लोकांना फरक पडला नाही. म्हणजे ती बाजू नुसती गर्दी करत नव्हती, काहीतरी उचलत होती.

पहिला पक्ष खरा धरून चांगल्या बाजूला चुंबकीय झटक्यांनी शांत करायचा उपचार निघाला. २०१८ मध्ये मोठ्या चाचणीत १९९ रुग्णांवर तो करून बघितला. दोन्ही गट सुधारले, खरा झटका मिळालेला आणि खोटा झटका मिळालेलाही. फरक शून्य. दोघांनाही हाताचा भरपूर सराव दिलेला होता, एवढंच समान.

माझं मत विचाराल तर: ज्याचे मेंदूतून मणक्याकडे जाणाऱ्या त्या मुख्य मार्गाचे तंतू बऱ्यापैकी शिल्लक आहेत त्याचं काम हळूहळू दुखावलेल्या बाजूकडे परत जातं, आणि तेच सर्वात चांगलं सुधारणं. ज्याचे फारच तुटलेत त्याला दोन्ही बाजूंच्या आडमार्गांवर भागवावं लागतं, तिथे हालचाल येते पण ओबडधोबड, खांद्या-कोपरासकट येते. तेव्हा 'चांगली बाजू शिकते' हे वाक्य सगळ्यात जास्त खरं असतं ते सगळ्यात कमी सुधारलेल्या माणसाबाबत. धीर द्यायला ते वाक्य मी तरी वापरणार नाही.

फिजिओ_अनगोळ

हे मात्र मला पटलं. 'दुखावलेल्या बाजूच्या शेजारची जागा शिकते' असं म्हणायला काय हरकत आहे? सोपंही आहे.

मेंदूचा_भुगा

चालेल. त्याला आधारही आहे. १९९६ मध्ये रँडॉल्फ न्यूडो यांनी लहान माकडांच्या मेंदूत हाताच्या भागात छोटी इजा केली. नुसती सोडून दिली तर शेजारची वाचलेली हाताची जागाही आकसली. रोज छोट्या खळग्यांतून दाणे काढायला लावली तर ती जागा टिकली, आणि काहींत ती कोपर-खांद्याच्या जागेत पसरली.

निपाणीकर

माकडांना दाणे मिळत होते. माणसाला काय मिळतं? 'हात वर करा, खाली करा, झालं, पुढचा पेशंट.'

फिजिओ_अनगोळ

दादा, टोमणा लागला, पण बरोबर आहे. परदेशातही २००९ मध्ये मोजलं होतं, फिजिओच्या एका सत्रात हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२ होतात. प्राण्यांच्या प्रयोगांत शेकडो. आमच्या ओपीडीत मी ३२ पण गाठत असेन का, शंका आहे. बाहेर बाकावर लोक बसलेले असतात, गाडीवाला घाई करत असतो, परत सौंदत्ती गाठायची असते. म्हणून खरा सराव घरीच व्हायला हवा.

वॉर्ड_नंबर_सात

घरच्यांना शिकवून सोडलं की झालं, असंही नाही. आपल्याच देशात १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर ही चाचणी झाली, २०१७ मध्ये निकाल आला. घरच्या माणसाला पुनर्वसन शिकवलेला गट आणि नेहमीचा गट, सहा महिन्यांनी मृत्यू आणि परावलंबन यात फरक नव्हता. मी तेव्हा फार आशेने वाट बघत होते त्या निकालाची.

आणि घाई करणाऱ्यांसाठी: पहिल्या २४ तासांतच वारंवार उठवून उभं करण्याची चाचणी २०१५ मध्ये आली, त्यात उलट निकाल थोडे वाईट लागले. 'दुसऱ्याच दिवशी चालवा' म्हणून आमच्याशी भांडणारे नातेवाईक असतात, त्यांनी हे वाचावं.

कडोलीची_सून

मग करायचं काय वो आम्ही? घरी केलं तर फरक नाही, दवाखान्यात वेळ नाही, लवकर केलं तर वाईट, उशिरा केलं तर संपलं.

मेंदूचा_भुगा

सूनबाई, प्रश्न रास्त आहे. शिकवून सोडणं आणि रोज भरपूर, जमेल न जमेल अशा बेतावरचं काम करून घेणं यात फार अंतर आहे. तुमच्या सासूबाईंनी रताळ्यांचा ढीग उपसला. फोटोकॉपी केलेल्या कागदावरचे दहा व्यायाम म्हणजे तो ढीग नव्हे.

वेळेबद्दल दोन गोष्टी. २०२१ मध्ये ७२ रुग्णांच्या अभ्यासात २० तासांचा जादा सराव वेगवेगळ्या वेळी दिला. पहिल्या महिन्यात दिला तर थोडा फायदा, दोन-तीन महिन्यांच्या सुमाराला सर्वात जास्त, सहा महिन्यांनंतर दिला तर नेहमीच्या गटापेक्षा फरक नाही. हे ऐकून निपाणीकरांच्या डॉक्टरांचं वाक्य खरं वाटेल. पण लंडनला निक वॉर्ड यांच्याच कार्यक्रमात २२४ जणांना तीन आठवड्यांत ९० तास सराव दिला, त्यातल्या निम्म्यांना पक्षाघात होऊन दीड वर्षापेक्षा जास्त झालेलं. हात सुधारले आणि सहा महिन्यांनी तपासलं तरी टिकून होते. तुलनेला दुसरा गट नव्हता, ही त्याची मर्यादा. तरी २० तास आणि ९० तास यांतला फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे.

निपाणीकर

९० तास. आईला कोणी नऊ दिले नाहीत.

वडगावचा_माग

सगळ्यांचे आभार. बरंच डोक्यात बसलं. काल त्या सेंटरवाल्यांना फोन करून विचारलं, की मॅपिंगमध्ये वाईट दिसलं तर व्यायाम वेगळा देणार का? म्हणाले, व्यायाम तोच. चांगलं दिसलं तर? तोच. मग मी म्हटलं राहू द्या.

पण हात येणार की नाही हे कळायचा काहीच मार्ग नाही का? आप्पा रोज विचारतात.

फिजिओ_अनगोळ

एक साधी खूण आहे, फुकटातली. पक्षाघातानंतर पहिल्या तीन दिवसांत बोटं थोडी तरी उघडता येतात का आणि खांद्यातून हात बाजूला नेता येतो का, एवढं बघायचं. दोन्ही जमलं तर सहा महिन्यांनी हाताचं काहीतरी कौशल्य परत येण्याची शक्यता ९८ टक्के. दोन्ही नाही जमलं तर २५ टक्के. २०१०च्या अभ्यासातले आकडे आहेत. आप्पांचे ते तीन दिवस गेले, आणि तेव्हा कुणी लिहून ठेवलंय का बघा, डिस्चार्ज कार्डावर क्वचित असतं. पण चारातला एक म्हणजे शून्य नव्हे.

आता आप्पांसाठी. मूठ वळते पण उघडत नाही, हे बहुतेकांचं. म्हणून धरायचे व्यायाम बंद करा! चेंडू दाबत बसू नका, स्मायलीचा बॉल मुलांना खेळायला द्या. सोडायचा सराव हवा. घरात माग आहे म्हणता, तर रिकाम्या कांड्या (सूत गुंडाळायच्या नळ्या) घ्या. आप्पांच्या मांडीवर टोपली. पुढे टेबलावर हात पूर्ण टेकवायचा म्हणजे खांद्याला वर जायची मुभा मिळत नाही. डाव्या हाताने कांडी उजव्या मुठीत द्यायची, मनगट टेबलाच्या काठावरून थोडं खाली सोडायचं. मनगट खाली गेलं की बोटं जराशी आपोआप सैल होतात. त्या क्षणी कांडी टोपलीत. पडली तर पडली. तोंड वाकडं व्हायला लागलं की थांबा, दम घ्या, पुन्हा. मोजत बसू नका, टोपली भरेपर्यंत करा. जमायला लागलं की मनगट काठावर न आणता, सपाट ठेवून.

आरशाचाही प्रयोग करा. उभा आरसा छातीसमोर मध्यावर, उजवा हात आरशामागे, डावा पुढे. डाव्याने मूठ उघडमिट करायची आणि आरशात बघायचं, उजव्याने मागे तसंच करायचा प्रयत्न. व्ही. एस. रामचंद्रन यांच्या गटाने १९९९ मध्ये नऊ रुग्णांवर हे पहिल्यांदा करून बघितलं, नंतर बऱ्याच चाचण्या झाल्या, फायदा मध्यम पण आहे. खडेबाजारात आरसा कितीला मिळतो ते तुम्हाला ठाऊक.

तिळकवाडीचा_टवाळ

मॅपिंगच्या पैशात अख्खं सलून उभं राहील. आरशांसकट.

वडगावचा_माग

कांड्यांचं काम आजच सुरू केलं. आप्पा म्हणाले, 'आयुष्यभर भरलेल्या कांड्या लावल्या, आता रिकाम्या टाकतोय.' पण टाकतायत.

त्यांचा हट्ट एकच, मागावर बसू द्या. तुटलेला धागा सांधायला डावा हात पुरतो म्हणतात. आमचे पॉवरलूम आहेत. काय करू?

वॉर्ड_नंबर_सात

अजिबात नाही. आधी डोळे मिटून उजव्या बोटांना काय लागलं ते सांगता येतं का बघा, गार-गरम कळतं का बघा. ज्या हाताला कळत नाही तो चालू यंत्राजवळ नेऊ नये. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर साधी जखमही थांबता थांबत नाही.

फिजिओ_अनगोळ

सहमत. पण बंद मागावर बसवा. वीज तोडून, पट्टा काढून. ताण्यातला एखादा धागा मुद्दाम तोडून ठेवा, डाव्याने गाठ मारताना उजव्या बोटांनी टोक दाबून धरायला सांगा. पुढच्या वेळी येताना त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून आणा, आप्पांचा खांदा किती वर जातो ते मला बघायचंय. आणि समोरून नको, बाजूने काढा.